झालेल्या गोष्टींची क्रियापदं

४ एप्रिल
तेरवी उरकली. मोठी आत्या दुपारच्या एस्टीनं गेली, ती शेवटची. माय अजून बाबांच्या मापानंच तांदूळ घेते, मग आठवून परत काढते.

फ्रेंचचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. लेखी झाली, तोंडी २५ला नागपूरला. ती पास झाले तर फ्रान्समधल्या कॉलेजात जागा, मत्स्यशास्त्र. बाबा नागभीडच्या बाजारात सगळ्यांना सांगायचे, "माही पोरगी परदेशात मासोळ्या शिकाले जाते." लोक विचारायचे, "काऊन, इथी मासोळ्या नाईत का?" बाबा नुसते हसायचे.

लेखीच्याच दिवशी ते गेले, मी नागपूरला होते. तलावाच्या पाळीवर छाती धरून बसले, बस्स. दादानं मला कळवलं नाही. संध्याकाळी मीच फोन केला. पेपर मस्त गेला, बाबांना सांग. म्हणाला, "सांगतो." तोवर सगळे जाळून परत आले होते. दुसऱ्या दिवशी मी संत्रा बर्फी घेऊन दारात. अंगणात माणसंच माणसं.

"सांगतो" म्हणाला! राग जात नाही.

७ एप्रिल
फ्रेंचचा ऑनलाइन क्लास. नेट दोनदा गेलं. सब्जाँक्तिफ नावाच्या क्रियारूपाचा भूतकाळ. मॅडम पुण्याहून म्हणाल्या, "घडून गेलेल्या गोष्टीबद्दल मनाला काय वाटतं, ते सांगायला हे रूप. आधी आनंद की दुःख ते सांगा, मग 'क', म्हणजे 'की', मग क्रियापद." क झ स्वा व्हनु, क तु स्वा व्हनु... मी आले, तू आलास.
गृहपाठ पाच वाक्यं, स्वतःच्या आयुष्यातली. एक मुलगी म्हणाली, बॉसनं सुट्टी दिली याचा आनंद आहे. सगळे हसले. मी कॅमेरा बंद केला.

८ एप्रिल
रूपं म्हणत ओसरीवर बसले होते. बाबा जाळं विणता विणता माझ्या मागून म्हणायचे, "क तु स्वा, क तु स्वा." मग, "याच्यापेक्षा गोंडी सोपी." आज खुंटीला अर्धं विणलेलं जाळं आहे. माय त्याला हात लावू देत नाही.
चार वाक्यं झाली. पाचवं येतं, पण लिहवत नाही. झ स्वी त्रिस्त क तु न म ले पा दी. तू मला सांगितलं नाहीस याचं दुःख आहे.

११ एप्रिल
भांडण. मी म्हटलं, तोंडीला जात नाही.
दादा : "मी सांगतलं असतं तं तू पेपर सोडून आली असती."
"हो, आले असते."
"मंग?"
"मग बाबांचं तोंड दिसलं असतं मला."
तो उठून गेला. जेवला नाही. मीही नाही.

पण खरी भीती मी त्याला सांगितलीच नाही. उद्या मी तिकडे असेन. फोनवर विचारेन, माय कशी आहे? तो म्हणेल, बरी आहे. ते खरं कसं मानायचं? रोज फोन करीन आणि रोज मला शंका येईल. असं कसं राहायचं तिकडे?

१६ एप्रिल
पाणी उतरलं, तलावात मोठं जाळं पडलं. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. मायनं मला टोपली घेऊन पाठवलं.
मासळीचे वाटे लागले, जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक; बाबांच्या जागी या वेळी दादानं ओढलं. आपल्याकडे वाटे पाठ करून देतात. नेहमी नावं घेणारे म्हातारे काशीरामभाऊ सगळ्यांकडे पाठ करून बसले. एकानं वाट्यावर काठी टेकवायची, "हा कोनाचा?" आणि भाऊंनी न बघता नाव घ्यायचं. वर्षानुवर्षं तीच नावं. भाऊंच्या तोंडून बाबांचं नाव गेलं.
 भाऊंच्या लक्षातच आलं नाही, पुढची नावं घेत राहिले. शेवटी नावं संपली, बाबांच्या नावाचा वाटा तसाच पडून आणि दादाला वाटा नाही.
भाऊ वळले, कळलं. "अरे पोरा... उचल, थो तुहाच आहे."
"नाई," दादा म्हणाला. "थो बाबाचा आहे."
ऊन चढत होतं. माशा बसायला लागल्या. दादा तसाच उभा, मान खाली, खांदे हलत होते. या माणसाला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेरवीतही नाही.
वाटा मीच टोपलीत भरला. घरी मायनं मासे साफ केले. तिघं जेवलो. काटे काढताना कुणी वर बघितलं नाही.

१७ एप्रिल
दादा, चहा पिताना : "काल बाबा मले दिसत होते तिथी, तलावावर. त्या दिवशी फोनवर तुले काय सांगू, मलेच खरं नोतं वाटत."
 मी तोंडीसाठी बॅग माळ्यावरून काढली.

२५ एप्रिल, बसमध्ये
तोंडी दुपारी चारला आहे. दादानं गाडीवर नागभीडच्या स्टँडवर सोडलं. बसमध्ये चढताना म्हटलं, "एक कबूल कर. मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं. वाईट असलं तरी."
त्यानं मान हलवली. त्याची मान नेहमीच हलते.

भिवापूर गेल्यावर फोन लावला. "माय कशी आहे?"
 
"रडून राह्यली," तो म्हणाला. "तू गेल्यापासून. पाणीबी घेत नाई. तुहं नाव घेऊन राह्यली."

 मायसाठी वाईट वाटलं, आणि यानं खरं सांगितलं म्हणून सुटल्यासारखंही. "बरं झालं सांगितलंस" म्हटलं. मग पाचवं वाक्य लिहिलं, वेगळंच. झ स्वी कोंताँत क तु म ले दी. तू मला सांगितलंस याचा आनंद आहे.

वाक्य बरोबर आहे. माझं रडू थांबत नाही.
उमरेड. बस जरा थांबणार, कंडक्टर चहाला उतरलाय. समोरच्या फलाटावर नागभीडची, घराकडं परत जाणारी गाडी लागली आहे. बॅग मांडीवर घेतली आहे, उतरायचं की बसून राहायचं ते ठरत नाही.