फर्माईश आली तरच

बाजारहत्नूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. मंजू,
दादाचे अनेक आशीर्वाद.

दोन वर्षं चार महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. सणासुदीला फोनवर आपण एकमेकांना ‘ठीक आहे’ सांगतो, पण त्याला मी बोलणं धरत नाही. या गप्प बसण्याची आधी माफी मागतो. त्याचं कारण पुढे लिहीन. लिहायचंच असं ठरवून आज दुकान उघडलेलं नाही.

इकडे सगळं बरं आहे. कापूस कमरेपर्यंत आला आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, पण भैंसा गावच्या डॉक्टरचं औषध सोडून ती इतर सगळ्यांचं घेते. दुकानाचा दर्शनी भाग नवा केला. आता पाटी तेलुगूत मोठी आणि मराठीत लहान आहे. बाबा असते तर दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, अक्षर चांगलं आहे.

आठ दिवसांपूर्वी प्रगतीचा मेसेज आला. तिच्या कॉलेजच्या अंकासाठी तिला लिहायचं आहे, घरातल्या मोठ्यांनी समोर बसून ऐकलेले सगळ्यात आवडते कार्यक्रम. ‘मामा, तुम्ही डायरी लिहिता, मम्मी सांगते. पाच कार्यक्रम पाठवा ना.’ मला फार आनंद झाला. त्या पोरीने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मी जुन्या डायऱ्या काढून बसलो. मग तिचा दुसरा मेसेज आला, ‘आजोबांचे सोडून.’

पाचांपैकी चार लगेच सापडले.

पहिला भैंशाचा ऑर्केस्ट्रा, १९९०. जिनिंगच्या मैदानात खुर्च्या संपल्या, म्हणून बाबांनी आपल्याला कापसाच्या गाठींवर चढवून बसवलं होतं. एकच माणूस बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजात भांडणाचं गाणं म्हणत होता. तू नऊ वर्षांची होतीस. तू बाबांना विचारलंस, त्याची बायको कुठे लपली आहे. परत येताना बैलगाडीत तू दोन्ही आवाज काढून दाखवलेस आणि बाबा म्हणाले, “हिच्या गळ्यात दोन माणसं हायेत.” मी बारा वर्षांचा होतो. मीही काढून दाखवले होते. डायरीत तेव्हा नोंद नाही, पण आठवतं.

दुसरा, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेतला किकरी वाजवणारा प्रधान, गोंडांचा भाट. तीन तारा आणि एक गज. म्हातारा एकदाही लोकांकडे पाहत नव्हता, तो त्याच्या देवाला वाजवून दाखवत होता. बाबा चप्पल काढून लांब उभे राहिले, आपल्यालाही काढायला लावली. शेवटी म्हणाले की आपण गातो ते लोकांना आवडावं म्हणून, याचं तसं नाही. घरी गेल्यावर त्यांनी पेटी आठ दिवस बंद ठेवली.

तिसरी आदिलाबादच्या उरुसातली कव्वाली. ती मी प्रगतीला वेगळी लिहून पाठवली आहे, इथे पुन्हा लिहीत नाही.

चौथा कार्यक्रम तुझा. १२ फेब्रुवारी २०११, नांदेड, लग्नाच्या हॉलमधला. डायरीत त्या दिवशी मी लिहिलं आहे, ‘नांदेड, किराणा माल.’ मी माल आणायला गेलो नव्हतो. फलकावर तुझं नाव वाचून गेलो होतो. मागच्या खांबाला टेकून पूर्ण अडीच तास ऐकलं. आमचे जावई हर्षदीपराव की-बोर्डवर होते, पाच वर्षांची प्रगती स्टेजच्या पायरीवर बसून केळं खात होती. लोक जेवत होते, कुणी ऐकत नव्हतं, आणि तू मात्र अशी गात होतीस की जणू बाबा समोर बसले आहेत. मी तुला न भेटता निघालो. तेव्हा स्वतःला सांगितलं की बाबांना कळेल म्हणून. ते खरं नव्हतं. तू गाताना मला कळलं होतं की घरी बाबा रोज संध्याकाळी कुणाच्या आवाजासाठी थांबतात, आणि मी वर्षानुवर्षं शेजारी बसून झांज वाजवली तरी तो आवाज माझा होणार नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून चहा करून आणला. आता पुढचं.

पाचवा कार्यक्रम बाबांचाच आहे. आजोबांचे सोडून म्हणाली, तरी तोच आहे.

बाबांच्या गाण्याच्या पार्टीचे नियम प्रगतीला माहीत नसतील, तुला पाठ आहेत. फर्माईशीच्या चिठ्ठीवर नाव, गाव, गाणं आणि कारण पाहिजे. कारण नसेल तर चिठ्ठी परत. गावातल्या नागोरावांनी एकदा ‘बायको माहेरी गेली म्हणून’ असं कारण लिहिलं होतं, तर बाबांनी माईकवरून विचारलं, “नागोराव, हे दुःख हाय का आनंद? तसा ताल धरतो.” नागोरावांच्या सासुरवाडीचे लोक त्याच मांडवात बसले होते. आणि दुसरा नियम, पार्टीतल्या माणसाची चिठ्ठी चालत नाही.

तिसरा नियम तू गेल्यावर झाला. २००४ मध्ये तू नागपूरच्या ऑर्केस्ट्रात गेलीस. घरचं गाणं तू बाजारात नेलंस, असं बाबा म्हणाले, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडी तुझं नाव आलं नाही. त्या गणपतीत त्यांनी माईकवर सांगितलं की आईच्या गावाकडची ती जात्यावरची ओवी, जी तू म्हणायचीस, ती आता फर्माईश आली तरच. सगळ्या गावाने त्याचा अर्थ असा घेतला की म्हाताऱ्याची जखम आहे, कुणी विचारू नका. अठरा वर्षांत एकाही माणसाने ती मागितली नाही. बाहेरगावचा कुणी लिहायला लागला, तर आपलेच लोक त्याच्या हातातून पेन काढून घ्यायचे. मीही एकदा घेतलं आहे.

आणि २०२२ मध्ये तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी, बाबांच्या पद्धतीने चार ओळी. मंजुषा उत्तमराव. नांदेड. आईची ओवी. कारण: ‘या गाण्यात मी चुकले की बाबा पेटीवर तोच सूर धरून थांबायचे, मला परत येऊ द्यायचे.’

तू मला फोनवर म्हणालीस, “दादा, इतर चिठ्ठ्यांत टाकून दे. वेगळी देऊ नको. माझं नाव वाचून त्यांनी म्हटली तर मी येते. नाही म्हटली तर मला कळलं.”

गणपतीचा सहावा दिवस होता. माईक लवकर बंद करायचा हुकूम होता, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला सुरू झाला. चिठ्ठ्या गोळा करायचं काम नेहमीप्रमाणे माझं. तुझी चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती.

मी तुला त्या संध्याकाळी सांगितलं की बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.  तू “बरं” म्हणालीस.

मंजू, मी ती त्यांना दिलीच नव्हती.

गेली तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाबांच्या तब्येतीची काळजी होती. बीपी वाढलेलं होतंच. चारचौघांत रडले असते तर? काही झालं असतं तर? हे सगळं डायरीतही लिहिलं आहे, दोन पानं, नीट मुद्दे काढून. वाचलं की पटतं. पण एवढे मुद्दे खऱ्या कारणाला लागत नाहीत.

खरं हे आहे. तिसरं गाणं संपल्यावर बाबा पाणी प्यायले आणि माईक जवळ घेऊन म्हणाले, “लोक या पार्टीला माझी म्हणतात. पेटी माझी हाय. पार्टी सुरेंद्रची. वीस वर्सं सतरंज्या त्यानंच झटकल्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी माझं नाव माईकवर घेतलं ते त्या दिवशी. आणि लगेच म्हणाले, द्या चिठ्ठ्या. माझा हात खिशापर्यंत गेला. मला माहीत होतं की ही चिठ्ठी दिली की त्या दिवसाला तुझं नाव लागेल. एवढा एक दिवस माझा राहू दे, असं मला वाटलं. फक्त तेवढंच. मी हातातल्या चिठ्ठ्या दिल्या आणि झांज उचलली.

सगळ्या फर्माईशी संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणखी एखादी राह्यली का?”  त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे पाहून. मी मान हलवली. भाता उघडा होता, बोटं पट्ट्यांवर होती. तशीच थोडी राहिली. मग त्यांनी पेटी मिटली. त्यानंतर ते स्टेजवर बसले नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे. पुढच्या मे महिन्यात ते दुकानात पडले, दोन दिवसांत गेले. मी फोन केला. तू म्हणालीस, “ज्यांनी माझी चिठ्ठी खिशात घातली, त्यांच्या दारात मी कोणत्या तोंडाने येऊ?” तेव्हा सांगायला हवं होतं. तिरडी बांधत होते, नांदेडहून गाडीने तू संध्याकाळपर्यंत पोचली असतीस, लोक थांबले असते. मी म्हणालो, “जशी तुझी मर्जी.” हे वाक्य मी डायरीत लिहिलेलं नाही. पहिल्यांदा इथे लिहितो आहे.

आताच का लिहितो, असं तू विचारशील. प्रगतीचे ते दोन शब्द एक कारण. दुसरं लक्ष्मणकाका. आपले ढोलकीवाले आता ऐंशीचे झाले, ऐकू कमी येतं, बोलतात मात्र पूर्वीसारखेच. परवा त्यांना पाचव्या कार्यक्रमात कोणती गाणी झाली ते विचारायला गेलो. ते म्हणाले, “त्या साली तर तुया बापानं चार दिवस तालीम केली. माया घरी.”

मी विचारलं, कसली तालीम?

“वहिनीच्या, तुया मायच्या ओवीची. दरवर्सी करत होता. म्हणे, लक्ष्मण, तयार ठेव, कोणी मागितली तर ऐनवेळी चुकाले नाही पायजे. अठरा वर्सं तयार ठेवली आमी. कोणी मागतच नव्हतं.”

“मग तुमी काऊन नाही मागितली, काका?”

“मी पार्टीतला ना बाबू. आमची चिठ्ठी कुठी चालत होती?” मग आपणच म्हणाले, “एकदा म्हटलं मी त्याले, उत्तमा, अशीच म्हणून टाक. तर म्हणे, मी ‘नाही’ म्हणून बसलो राजा चारचौघांत. आता कोणीतरी मागाले पायजे. कोणी मागितली तर पोरीपर्यंत जाईन.”

मी तिथून कसा निघालो ते आठवत नाही. काकूंनी भाकर खाऊन जा म्हटलं, तेवढं आठवतं.

तर हे असं आहे. गाव त्यांना दुखवायचं नाही म्हणून मागत नव्हतं. ते कुणी मागेल म्हणून थांबले होते. आणि अठरा वर्षांत एकच चिठ्ठी आली, ती माझ्या खिशात राहिली.

त्यांनी ओवी म्हटलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुझं नाव वाचून कदाचित अडखळले असते. पण चिठ्ठी वाचून खिशात घालणारा माणूस मी बनवलेला आहे. तुझे वडील तसे वागले नाहीत. तू तीन वर्षं ज्याच्यावर रागावली आहेस आणि प्रगती ज्याचं नाव टाळते, तो माणूस या घरात कधी नव्हता. हे तुला कळावं एवढ्यासाठी हे पत्र आहे. मला माफ कर असं लिहिणार होतो, दोनदा लिहून खोडलं. मागायचा हक्क आहे का ते मला ठरवता येत नाही, आणि या वेळी मी माझ्याबद्दल मागू नये असं वाटतं.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. घामाने शाई थोडी पसरली आहे, वाचता येते. प्रगतीला पाचवा कार्यक्रम कळवायचा की नाही, आणि कसा, हे तू ठरव. मी तिला चारच पाठवले आहेत आणि पाचव्यापुढे जागा सोडली आहे. तिने मामाबद्दल जे लिहायचं ते लिहावं, मी काही म्हणणार नाही.

लक्ष्मणकाकांच्या हातात अजून ताल आहे. ओवी त्यांना पूर्ण येते. त्यांनी मला म्हणून दाखवायला सुरुवात केली होती, मी थांबवलं. ती तुझ्या आधी मी ऐकणं बरोबर वाटलं नाही. तू आलीस तर ते म्हणतील. नाही आलीस तरी मी समजेन.

हर्षदीपरावांना नमस्कार. प्रगतीला आशीर्वाद, ती घेईल तर.

तुझी चिठ्ठी पोचवू न शकलेला (नाही, न पोचवलेला)
सुरेंद्र

डायरी, १४ सप्टेंबर. उद्या: पोस्ट उघडताच हे पाकीट टाकणे. घरी परत आणायचं नाही.