शारदाबेनचं साफ शेत

मंगळवार संध्याकाळ, गोत्री

अतिवृष्टीच्या मदतीसाठी आज साहेबांबरोबर पिकांची पाहणी होती; नोंदी मी लिहायच्या. शारदाबेनच्या शेतात कुजलेल्या कपाशीचं एकही झाड उरलं नव्हतं. आम्ही येणार म्हणून त्यांनी सगळं उपटून, जाळून शेत झाडून ठेवलेलं.

"पाहुण्यांना घाण कशी दाखवायची, बेन?" त्या मला म्हणाल्या.

फोटोत नुकसान दिसायलाच हवं, असा नियम. साहेब हसले, "काकी, स्वच्छतेचं बक्षीस मागा!"

शाळेआधी आईने घरीच शिकवलं होतं, दिसेल तेच लिहायचं. मी 'नुकसान नाही' लिहिलं. यात खोटं काय? तरी ते झाडलेलं शेत डोळ्यांपुढून हलत नाही. मदत मिळणार नाही, हे त्यांना न सांगताच मी वही मिटली.

निघताना शारदाबेननी शेजारच्या शेतात हाक मारली, "जसु, उद्या तुझी पाळी! तूही सगळं उपटून टाक!"

जसुबेन लगेच वाकल्या. साहेबांनी जीप सुरू केली. मी चढले.