नॉर्मन स्पेनला गेला

रविवार, ३ ऑक्टोबर

माझी खुर्ची आणली नाही. बर्मंडसीच्या जुन्या घरून ट्रक भरून सामान आलं, नको असलेली फुलदाणीसुद्धा आली, आणि जिच्यात बसून मी डेनिसला अंगावर पाजला ती खुर्ची जुनी झाली म्हणून फेकली. म्हटलं, जुनी तर मीही आहे रे. तो नुसता हसला.

असो, आता वहीला नमस्कार. दवाखान्यातल्या नर्सबाईने दिली, गोळ्या घेतल्या की लिहायचं म्हणून. विनिफ्रेड कडमोर, वय अठ्ठ्याहत्तर. एक पांढरी, एक गुलाबी, घेतल्या. बाकीचं पान कोरं सोडणं जिवावर येतं, म्हणून लिहिते. शाळा फारशी झाली नाही, चुका झाल्या तर झाल्या.

बंगला झकास आहे. शेपी बेटावर, समुद्र दोन गल्ल्या सोडून. डेनिस माझा एकुलता. त्याला बघून अर्धं लंडन रस्ता बदलतं, पण आईसाठी पोराने स्वैपाकघरात नवी जमीन घातली, खाली ताजं सिमेंट, वर पिवळं लिनोलियम. कागदही माझ्याच नावाने. म्हणाला, आई, घर तुझं आणि घरात जे काही आहे ते तुझं. मला रडू येत नाही, म्हणून चहा टाकला.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

गोळ्या घेतल्या. चारला चहाला बसले तर पायाखालून टकटक. आधी एकदा, मग दोनदा. पाण्याचा पाइप असेल. पण पाइपाला व्हिनेगरचा वास येत नाही.

डेनिसचा भागीदार नॉर्मन टली असाच कप रिकामा झाला की अंगठीने टेबल वाजवायचा. विनी मावशी, घाल की अजून, काय मोजून देतेस. शिंपल्यांचा भारी नाद मेल्याला, कोट कायम व्हिनेगरने घमघमलेला. जूनमध्ये तो स्पेनला गेला. आमच्या लोकांच्या धंद्यात माणसं स्पेनला जातात. काहींची पत्रं येतात, ऊन फार, चहा भिकार. काहींची येत नाहीत, आणि ज्याचं पत्र येत नाही त्याची चौकशी करायची नसते. नॉर्मनचं आलं नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर

पास्क नावाचा इन्स्पेक्टर आला. मऊ बोलणारा, पाय पुसून आत येणारा. असल्यांचीच भीती बाळगावी. नॉर्मन दिसेनासा झाला त्या रविवारी डेनिस माझ्याकडे जेवायला होता, हे मी जूनमध्येच पोलिसांना सांगून बसले होते. नव्हता तो. मला म्हणाला होता, आई, एका बाईची भानगड आहे, बायकोला कळू देऊ नको. एवढ्या तेवढ्यासाठी आई खोटं बोलते.

पास्कने विचारलं, जेवायला काय होतं. डुकराचं भाजलेलं मांस, मी म्हटलं, आणि सफरचंदाची चटणी. तो म्हणाला, डेनिसने तर पुदिन्याची सांगितली होती. माझं डोकंच फिरलं. पुदिना मेंढीला. डुकरावर पुदिना घालणाऱ्याला माझ्या टेबलावर ताट मिळणार नाही, मग तो पोटचा का असेना.

त्याने ते हळूहळू लिहून घेतलं. चहा छान होता म्हणाला. तो फाटकाबाहेर गेला तेव्हा मला कळलं, मी काय बोलून बसले.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

डेनिस आला. ओरडला असता तर बरं. म्हणाला, आई, एका चटणीपायी मला जन्मठेपेला धाडशील. मी म्हटलं, मग चटणी शिकून घ्यायची होतीस. जाताना त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला. नऊ वर्षांचा झाल्यापासून कधी घेतला नव्हता.

मागच्या बागेत त्याचा माणूस फ्लॉइड खणतोय. सोनेरी माशांचं तळं म्हणे. मी म्हटलं, मला मासे फक्त तळलेले आवडतात. तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, आजी. खड्डा लांबट, अरुंद. फ्लॉइडने मला वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं आणि वीतभर अजून खणला.

टकटक आज दोन तास.

रविवार, १० ऑक्टोबर

शेवटी गुडघ्यांवर बसले, ह्या वयात. म्हटलं, कोण आहेस ते नीट सांग, हो असेल तर एक ठोका, नाही असेल तर दोन. नॉर्मन आहेस? एक. स्पेनला गेला नाहीस? एक. डेनिसने?

एक. लिनोलियमखाली काहीतरी फुगून पुन्हा बसलं.

मी या पोरासाठी तीन न्यायाधीशांपुढे बायबलवर हात ठेवला. त्याने मुडदा पुरला आणि त्याच्यावर माझी चूल मांडली. घर तुझं, घरात जे काही आहे ते तुझं.

पांढरी गोळी घेतली. गुलाबी आठवत नाही.

सोमवार, ११ ऑक्टोबर

डेनिस आला होता. लाडाने जवळ बसला. आई, तुझ्या हाडांना ऊन हवंय, गुरुवारी तुला स्पेनला नेतो.

मी म्हटलं, माझ्याकडे पासपोर्ट नाही.

म्हणाला, लागत नाही.

मंगळवार, १२

फोन बंद. फाटकाशी फ्लॉइड खुर्ची टाकून बसलाय, आजी, पडाल कुठे, आत जा. पास्कला चिठ्ठी लिहून दूधवाल्याच्या बाटलीत घातली. फ्लॉइडने ती वाचली, घडी घालून मला परत दिली. ‘ह’ अक्षर घाण काढलंय म्हणाला.

नॉर्मनला विचारलं, ते तळं माझ्यासाठी?

एक ठोका.

बुधवार

गोळ्या नाहीत. चहाचे दोन कप भरले, एक जमिनीवर ठेवला. भांडी घासून आले तर रिकामा. कडेला ओलं सिमेंट.

माझं दूध प्यायलेला पोरगा मला खड्ड्यात घालतो, आणि ज्याला त्याने मारला तो मला कप परत देतो —

म्हटलं, नॉर्मन, तुला वर यायचंय का.

लिनोलियमला उभी चीर.

गुरुवार, चार

गाडी आली. खिडकीतून दिसतायत, डेनिस आणि फ्लॉइड. हातात बॅग नाही, स्पेनला निघालेत आणि बॅग नाही —

स्वैपाकघराची जमीन उघडी. व्हिनेगर, नाकात जातंय. तो माझ्या मागून गेला, मी वळले नाही. पॅसेजमध्ये राखाडी ओली पावलं —

घंटा. आई, उघड, मी आहे. किती गोड बोलतोय —

मी उठत नाही. आजवर प्रत्येक वेळी मीच उठले, मीच दार उघडलं, मीच सांगितलं, डेनिस इथेच होता साहेब, जेवत होता —

नॉर्मन, बाळा, तू जा. दार तू उघड. कोण आहे विचारलं तर उत्तर तूच दे, मी आता याच्यासाठी एकही शब्