पोस्टरवरचा तारपा

डहाणू, ३ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्हाला रेंज मिळते टेकडीवर, आणि तिथून बोललात की सारा पाडा ऐकतो. म्हणून पत्र.

माझा पहिला अल्बम २८ सप्टेंबरला येतोय! कीबोर्डवाल्या मयुराच्या चिकूवाडीत मांडव घालून कार्यक्रम आहे, अल्बम काढणाऱ्या कंपनीचे लोक मुंबईहून येणार. गेल्या दिवाळीत तुम्ही रेकॉर्डिंगला वाजवलेला तारपा मयुराच्या कीबोर्डसोबत असा बसलाय, की न्यू वेव्ह रॉक ऐकणारी शहरातली पोरं विचारतात, हे कुठलं यंत्र. तेव्हा मंचावर तुम्ही हवेतच. पोस्टरही छापून झाली. माझा फोटो, शेजारी तारपा आणि खाली तुमचं नाव. पार अच्छाडच्या ढाब्यांपर्यंत चिकटवणार आहेत.

आईस नमस्कार. लगेच हो कळवा.

तुमची,
रविना


तलासरी, ११ जून २०२५

चि. रविना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा म्हणाली, पोस्टरवर माझा फोटो का नाही.

आता कान इकडे कर. नवं भात कणसरी देवीला दाखवायचं, घरातल्या सगळ्यांनी खायचं, मगच आपल्या घरात तारपा फुंकतात. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आपलं नवं येतं दिवाळीच्या तोंडावर, आणि तुझा कार्यक्रम सप्टेंबरात. बापाला विचारायच्या आधी पोस्टर! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. तीस वर्षं शाळेत मुलांना नियम शिकवले, आता पोरीसाठी मोडू? मला जमणार नाही.

पेरणीची गडबड आहे, म्हणून आवरतं घेतो. वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा


डहाणू, २० ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रागाने दोन महिने लिहिलं नाही. पोस्टरची चूक माझी, मान्य. पण मुलाखत घेणारा प्रत्येक जण तारप्याचंच विचारतो आणि मी पाणी पीत बसते.

कंपनीच्या सांगण्यावरून मयुराने तो आवाज कीबोर्डवर काढलाय. हुबेहूब आहे. पण मी कुठे चुकले तर तो माझ्यासाठी थांबत नाही. तुम्ही थांबता. बाबा, खरं सांगते, मला भीती वाटतेय. इतक्या लोकांपुढे पहिल्यांदाच उभी राहणार, आणि तुम्ही शेजारी नाही, फार तर समोर खुर्चीत बसून ऐकणार.

निदान त्या खुर्चीत तरी या. लोभ आहेच, राग तेवढा आवरावा.

तुमची,
रविना


तलासरी, २४ सप्टेंबर २०२५

चि. रविना हिस,
अ. उ. आ.

खुर्ची दुसऱ्या कोणाला दे.

वरच्या खाचरात या वर्षी हळवं भात लावलं. ते आपल्या नेहमीच्या गरव्यापेक्षा महिनाभर आधी पिकतं. दाणा कमी सुटतो म्हणून मी ते कधी दारात येऊ दिलं नव्हतं. पण तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी शेजारच्या जिव्याकडून बी मागून आणलं. तुला बोललो नाही. पीक पोटरीत येऊन दाणा धरेपर्यंत शब्द कोणाच्या भरवशावर द्यायचा? पावसाच्या, की रानडुकरांच्या?

परवा कापलं. ऊन नव्हतं, तेव्हा आईने ओले दाणेच तव्यावर शेकले आणि उखळात सडले. आज सकाळी कणसरीला दाखवून आम्ही दोघांनी खाल्लं. पण घरातली तू राहिलीस. तुझा वाटा घेऊन येतो. तू खाल्ल्याशिवाय तारपा तोंडाला लावणार नाही, कंपनीवाल्यांना तसं सांगून ठेव.

आई पोस्टर बघायला येते आहे.

तुझा,
बाबा


डहाणू, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा व आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एसटी गाठायला पळालात, नीट बोलणंच झालं नाही. मी मंचामागे उभ्याने भात खात होते आणि कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता, तो फोटो आता अल्बमपेक्षा जास्त लोकांनी पाहिलाय. आईला सांगा, त्यात ती अगदी मधोमध आहे.

दुसऱ्या कडव्यात मी ओळ विसरले, तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही तोच सूर फिरवत राहिलात, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. ओळ आठवली. लोकांना वाटलं, गाणंच तसं आहे. तेव्हापासून मी खूप सुखात आहे, बाबा.

पुढच्या अल्बमसाठी कंपनी ऑगस्ट म्हणत होती. मी डिसेंबर सांगितलाय, आणि पोस्टर छापायच्या आधी तुम्हाला विचारीन.

तरी हळव्याचं बी राखून ठेवा. तुमच्या मुलीचा काय भरवसा!

तुमची,
रविना