निंबाचा झोका

जळगाव जामोद,
८ ऑगस्ट

ती. उकंडमामा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं कोकिळामामी ओरडून सांगते आणि मग ते साऱ्या गल्लीला कळतं. म्हणून लिहिते.

नागपंचमीला शाळेच्या निंबाला मी झोका बांधला, दरवर्षी बांधते तसा. चौथीतल्या काजलचा हात सुटला, कोपराजवळ हाड मोडलं. मीच तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईस्तोवर थांबले. तिचे वडील दयारामभाऊ येऊन तिला घरी घेऊन गेले. आठवडा उलटला आणि त्यांनी पोलिसांत माझ्याविरुद्ध हलगर्जीपणाची तक्रार दिली.

आमच्या संघटनेचे ज्ञानेश्वर सर म्हणतात, शिक्षकांसाठी विधिमंडळात विधेयक आलं आहे. शाळेच्या कामात दावा झाला तर वकील सरकार देईल, भरपाई विम्यातून जाईल. पण ते पास व्हायचंय, आणि माझं प्रकरण तर आजचं आहे. दुखापत झाली त्याच दिवशी सरांनी बजावलं होतं की त्या घराकडे फिरकू नका, बोलाल ते अंगावर येईल.

झोका मी काढून टाकला. खेळाच्या तासाला मुलं ओळीत बसतात, मी बघत बसते. मामा, ही नोकरी सोडावी असं वाटतंय.

तुमची,
पूनम


मोताळा,
१३ ऑगस्ट

चि. पूनम हिले मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

इकडं सोयाबीन बरं हाये, मामीचे गुडघे बरे नाहीत, आवाज मात्र ठणठणीत हाये.

कायदा चांगला हाये, पोरी. ट्रकवाल्याले विमा, डॉक्टरले विमा, अन् गावभरची लेकरं सांभाळणारीले काहीच नाही, हे कसं? मामी विचारून राह्यली की नवरा ऐकत नसंल तर त्याच्यासाठी सरकारी वकील भेटतो का. भेटत असंल तर तिले सांगू नको.

पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात दवाखाना हाये, पोलीस हायेत, तुझे सर हायेत. दयारामच्या घराचं दार कुठं दिसलं नाही. लेकराचं हाड मोडलं तर आपल्याकडं सारं गाव पाह्यले जाते. भांडण असलेला भाऊबंदही जाते. कोण आलं नाही, तेवढंच घरच्याईच्या ध्यानात राह्यते. तू काऊन नाही गेली?

कायदा तुले वकील देईल. पण पोरीले पाह्यले वकील जाणार नाही. तू जाजो. सरांना सांगजो, मामा अडाणी हाये, त्याच्या नादी लागून गेली. नोकरीचं मग पाहू.

माया आहेच, उत्तर लवकर धाडजो.
उकंडराव


जळगाव जामोद,
२ सप्टेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. पोलिसांसमोर मला उभं राहायचंय, तुम्हाला काय जातं, असं मनात कितीदा म्हटलं. मग रविवारी गेले.

काजलच्या आईनं पाणी दिलं. दयारामभाऊंनी मान वर केली नाही. तसेच खाली बघत म्हणाले की दूरच्या खेड्यातले पाहुणेसुद्धा येऊन गेले, पण पोरगी रोज दाराकडं पाहे, मॅडम येतील म्हणे. तुमच्यासाठी ती हजेरीतलं एक नाव असंल, असं वाटलं आन् डोकं फिरलं, म्हणून ठाण्यात गेलो. मी म्हटलं, मी भ्याले होते. खरं तेच सांगितलं. सरांचं बजावणं मला तिथं आठवलंच नाही.

पण खरं टोचलं ते काजलचं. तिनं हळूच विचारलं, झोका तिच्यामुळं काढला का. वर्गातल्या पोरी तसं म्हणतात आणि तिच्याशी कुणी बोलत नाही. मामा, झोका काढून मी स्वतःला वाचवलं आणि सगळा दोष त्या लेकराच्या गळ्यात बांधला.

दुसऱ्याच दिवशी झोका बांधायचं ठरवलं. फाटकाशी दयारामभाऊ उभे, खांद्यावर नवा दोर. आदल्या संध्याकाळी ठाण्यात जाऊन तक्रार नाही असं लिहून दिलं म्हणाले. मग निंबावर चढून फांदी हलवून पाहिली, दोर बांधून स्वतः लोंबकळून पाहिला आणि खाली बैलगाडीतून आणलेली वाळू ओतली. ही वाळू मला आधी का सुचली नाही, कोण जाणे.

ज्ञानेश्वर सर माझ्यावर रुसलेत. विधेयकावर चर्चाच चालू आहे. ते पास व्हावंच, माझ्यामागून येणाऱ्या एखादीला दयारामभाऊ भेटतीलच असं नाही. नोकरीचं विचाराल तर उद्या घटक चाचणी आहे, पेपर काढायचेत.

गळ्यात हात बांधलेली काजल आता झोक्याशी उभी असते. कुणी बसलं की ओरडते, दोन्ही हातांनी धर. काल पोरींनी मलाच बसवलं. झोका वर गेला तशी ती माझ्यावरही तेच ओरडली, आणि मामा, मी धरलं.

मामीला म्हणावं, असंच ओरडत राहा. तुमच्या मायेचा आवाज इथवर येऊ द्या.

तुमची,
पूनम