बाटली काय म्हणते?

उधवा, ता. तलासरी
२२ सप्टेंबर २०१९

प्रिय श्रुतिका,

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघून तुला वाटलं असेल, काकीने पत्ता पहिलीतल्या कुणाकडून लिहून घेतला की काय! थांब, कुणाचं ते सांगते. पत्र मात्र मीच लिहितेय. फोनवर तू "काकी, नंतर बोलते हं" म्हणून ठेवून देतेस, आणि तुझं ते 'नंतर' सात महिन्यांत काही उगवलं नाही. पत्र निदान घरात पडून राहील आणि येता-जाता तुझ्याकडे बघत राहील.

परेशभाई मेडिकलवाल्याने परवा सांगितलं, की तू पुण्यात विम्याच्या ऑफिसात बसून लोकांचे दवाखान्याचे कागद तपासतेस. पेशंट नाहीत, नुसते कागद. तीन वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या खोलीत दवाखाना टाकायला आलीस, तेव्हा मीच आमच्या मास्तरांना म्हटलं होतं, ही जुन्नरची पोर दिवाळीपर्यंतसुद्धा टिकायची नाही. तू टिकलीस. मग पळालीस ती कुणामुळे, ते आज लिहायचंय. हात धजत नाहीये, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते.

काळी अजून येते. दवाखान्याला कुलूप आहे हे तिला चांगलं माहीत आहे, तरी डोंगरी पाड्यावरून चालत येते आणि बाहेरच्या बाकावर बसते. आठवते ना तुझी पहिली भांडकुदळ पेशंट? पायाला जखम, साखर वाढलेली, आणि तोंडाने एकच धोशा, "सुई दे." तू सुई दिली नाहीस. गोळ्या दिल्यास, पाय धुवायला शिकवलंस आणि चपला घाल म्हणालीस. तर ही बाहेर येऊन अख्ख्या बाजाराला ओरडून सांगत होती, सुई नाय देत ती कसली डाक्तरीण! महिन्याभराने जखम भरली तेव्हा रानातल्या शेवळांच्या भाजीच्या दोन जुड्या घेऊन आली आणि तुझ्यापुढे पाय असा टेबलावर ठेवला, जसं काही पाय तिनेच बरा केला होता. आता बाकावर बसते आणि कुलपाकडे बघून विचारते, डाक्तरीणबाय कदी येल? मी म्हणते, येईल. दर खेपेला खोटं बोलते.

बाटली अजून तिथेच आहे. तुझी ती सलाइनची बाटली, वाशाला टांगलेली. गेल्या वर्षी पाऊस संपून भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि जो तो दवाखान्यात येऊन म्हणायला लागला, चक्कर येते. कुणाची खरी, कुणाची जमिनीची, तुला तरी कसं कळणार? तेव्हा तू अर्धी बाटली पाणी भरून टांगलीस. मागच्या बाकावरून दिसावं म्हणून मास्तरांनी त्यात आपली वह्या तपासायची लाल शाई ओतली, आणि काळी दारातूनच मागे फिरली, डाक्तरीण रक्त काढून टांगते म्हणून! नंतर मात्र सगळ्या उधव्याचा त्या बाटलीवर जीव जडला. पाणी हललं तर सगळ्यांनी बाहेर पळायचं, नाही हललं तर चक्कर आपली, गुपचूप नंबर लावायचा. रस्त्याने जाणारासुद्धा खिडकीतून विचारायचा, बाटली काय म्हणते? अजून विचारतात. पाणी आटतं तसं मी भरत असते. शाई आता गुलाबी झालीय.

त्या बाटलीनेच आमच्या मास्तरांचं डोकं फिरवलं, हे तुला माहीत नाही. म्हणजे तुझ्या दशरथकाकांचं. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, पण एकदा काही डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. डिसेंबरात एक दिवस त्यांना गरगरलं आणि नेमकं तेव्हाच बाटलीतलं पाणी हललं. झालं! मला म्हणाले, जयमाला, मला बीपी कधी नव्हतंच, इतकी वर्षं जमीनच हलत होती, सरकारला आत्ता कळलं एवढंच. मी हसले. दुसऱ्या दिवशी बघते तर रोजची गोळी पाकिटातून काढून जास्वंदीच्या कुंडीत. मी ओरडले, तर त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून मला शपथ घातली, श्रुतिकाला सांगायचं नाही, ती पोर उगाच लेक्चर देईल. रिकामी पाकिटं तुला महिन्याच्या महिन्याला दाखवत होते ना? ती ही. त्या जास्वंदीचं बीपी तेवढं छान राहिलं असेल.

आता तो फेब्रुवारीतला दिवस. तो तुलाही पाठ असेल, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. सकाळपासून धक्के चालू होते. तुझ्याकडे पन्नास-साठ माणसं, सगळ्यांना चक्कर, सगळ्यांची नजर बाटलीवर. मास्तरांना गरगरत होतं म्हणून मी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. तू जीपवाल्या झिपरूच्या तान्ह्या मुलीला तपासत होतीस. मान वर करून विचारलंस, "काकी, काकांच्या गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी म्हटलं, "हो हो, रोज." तू म्हणालीस, मग बसा पाच मिनिटं, हिचं झालं की बीपीचं मशीन लावते. तेवढ्यात मोठा धक्का आला, बाटली लंबकासारखी डोलायला लागली, आणि सगळे अंगणात पळाले. मशीन राहूनच गेलं, मास्तर आत येऊन पडले. तासाभराने हातातला कप निसटला, तोंड वाकडं झालं. तू झिपरूची जीप अडवलीस, स्वतः मागे बसलीस आणि वलसाडपर्यंत त्यांचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाहीस.

आणि वलसाडला, हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पॅसेजमध्ये, चार लोकांसमोर मी तुला काय म्हटलं? तू एकदा मशीन लावलं असतंस तर माझा माणूस धडधाकट असता. असंच म्हटलं ना? मान खाली घालून उभी राहिलीस. दहा दिवसांनी किल्ली माझ्या हातात दिलीस, तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही, का जातेस. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. गावातले म्हणाले, पोर चुकली म्हणून गेली. तेव्हाही मी मूग गिळून बसले. चूक तुझी नव्हती गं पोरी. ते 'हो हो, रोज' माझं होतं. मी खोटं बोलले, आणि त्याची शिक्षा तू भोगतेयस. मला लाज वाटते, श्रुतिका. माफ कर, असं म्हणायचं तोंडही नाही, पण म्हणते.

मास्तर बरे आहेत. काठी घेऊन परेशभाईच्या दुकानापर्यंत जातात आणि तिथे त्याच्या मराठीच्या चुका काढतात. सुंभ जळाला तरी पीळ गेलेला नाही. उजवा हात काही वळत नाही. म्हणून जूनपासून पाटी घेऊन डाव्या हाताने बाराखडी गिरवतायत, सदुसष्टाव्या वर्षी. रोज स्वतःलाच मार्क देतात. पहिल्या आठवड्यात शून्य, नंतर दहापैकी दोन. पाकिटावरचा पत्ता त्यांचा. साडेचार दिलेत, कारण पुण्याचा 'ण' नीट उतरला नाही म्हणे. मागच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं, की श्रुतिकाला सगळं खरं कळवणार आहे. वाटलं, चिडतील. तर म्हणाले, उशिरा दिलेल्या उत्तराचे मार्क कापतात, पण उत्तर लिहावं. काल बाजाराच्या दिवशी ते काठी टेकत दवाखान्यासमोर उभे राहिले आणि बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं, गोळ्या मी फेकत होतो, डॉक्टर चुकली नाही. बोबडं बोलतात अजून, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. काळी म्हणाली, तं मंग तिला बोलव ना, मास्तर.

आणि आता हे पत्र आजच का, ते सांगते. पंधरा दिवस झाले, मला चक्कर येतेय. चुलीपाशी उठताना, केस विंचरताना. पहिल्यांदा आली तेव्हा धावत दवाखान्यात गेले, कुलूप काढलं आणि वर बघितलं. बाटली हलत नव्हती. पाणी अगदी शांत. तरी मास्तरांनी विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, कुठे काय! तोंडातून तेच आलं बघ, त्या दिवशीसारखं. तिथेच तुझ्या स्टुलावर बसले आणि रडले. दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरीला गेले, तपासून घेतलं. बीपी निघालं, एकशे ऐंशीच्या वर. गोळी चालू केलीय, रोज मास्तरांच्या समोर गिळते, आणि ते माझ्या समोर. घाबरू नकोस. पण तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणाकडे दाखवता? माझ्या तोंडून तुझंच नाव आलं, आणि मग पत्ता काय सांगावा ते सुचेना. तेव्हा कागद तपासणं पुरे झालं, ये आता. किल्ली देवघरात आहे, खोली झाडलेली आहे. आलीस की पहिला नंबर माझा, आणि काकी काहीही म्हणाली तरी आधी मशीन लाव.

तुझीच,
जयमालाकाकी