भोंग्यावर नुसतं नाव

११ डिसेंबर, गुरुवार
काशीदच्या डुएथलॉनला नाव दिलं. आधी धावायचं, मग सायकल, मग परत धावायचं. पोहणं नाही. प्र.ला सांगितलं. प्र. म्हणजे प्रशांत, धाकटे बंधू, टेनिस बॉलच्या क्रिकेटचे समालोचक, तालुक्याचा लाडका आवाज. म्हणाला, "म्हंजे ज्यांना पोवता येत नाय त्यांची स्पर्धा. दादा, तुझ्यासाठीच काढलीय."
आपणच हसला. मग म्हणाला, तिथे माइकवर मीच हाय. आयोजक मुंबईचे, त्यांना गावची गर्दी हवी, म्हणून याला बोलावलंय.
झालं. माझं काय होणार ते तेव्हाच कळलं.

१४ डिसेंबर, रविवार
चौल ते रेवदंडा आणि परत. नाक्यावरचं कुत्रं थोडा वेळ बरोबर आलं. मी धावत होतो, ते चालत होतं.
पोट आधी पोचतं, मागून मी. शाळेच्या ऑफिसात क्लार्कच्या खुर्चीवर बसून कमावलेलं.
फार काही नकोय. रेंगाळलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या गाडीने उचलू नये. आणि फिनिशला प्र.ने माझं नाव सरळ घ्यावं. सुधीर अनंत पाटील. मागेपुढे काही न लावता. पन्नाशी आली, या माणसाने चार लोकांत मला एकदाही सरळ हाक मारलेली नाही. 'ढकलगाडी' हे त्यानेच ठेवलेलं. आता शाळेतली कार्टीही मागून म्हणतात.

११ जानेवारी, रविवार
पुरं केलं. गाडी मागे घुरघुरत होती, पण उचललं नाही.
पहिल्या धावण्यात मुंबईच्या दोन बायका गप्पा मारत पुढे गेल्या. गप्पा मारत! मला श्वास पुरेना आणि यांचं स्वयंपाकघराच्या टाइल्सचं चाललेलं. सायकलवर जरा बरं. चढाला उतरून ढकलली, कुणी बघत नव्हतं.
शेवटचं धावणं. सुरूच्या झाडांना भोंगे बांधलेले, मॅचला बांधतात तसे. फिनिश दिसायच्या आधी प्र. ऐकू आला.
"बगा बगा, कोन आयला! आमचा दादा आयला! बक्षीस समारंभ थांबवा रे, नायतर पुढच्या वर्षीचा चालू करा!"
घरी निघालेले लोक परत वळले. मोबाईल वर झाले. हे सगळं धरूनच चाललो होतो. मान खाली घालून पाय टाकत राहिलो.
मग तो म्हणाला, "याची बायको वाट बगून बगून देवाघरी गेली, पन हा काय अजून पोचला नाय!"
केवढा हशा. त्यांना काय माहीत. त्यांना वाटलं, बायकोवरचा नेहमीचा विनोद.
सुमन अलिबागच्या हॉस्पिटलात माझी वाट बघत होती आणि शाळेचं काम करून काशीदहून परतताना मी रेवदंड्याच्या पुलावर पर्यटकांच्या गाड्यांत अडकलेला. पोचलो तेव्हा संपलं होतं. तिच्या उशाशी प्र. होता. तोच फोनवर सारखा ओरडत होता, दादा लवकर ये.
तोच.
कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. घरी येईपर्यंत काढायचं सुचलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार
प्र.चा फोन. "दादा, फ्लोमधी निघून गेलं रे. तोंड पुढं धावतं, मी मागून येतो. तुझ्यासारखा."
माफी मागतानाही. वर म्हणतो, व्हिडिओ बघितलास का, मुंबईपर्यंत गेलाय.
फोन ठेवला. याचा मेल्याचा घसा बसावा कायमचा. लिहिलंय, खोडणार नाही.

२१ जानेवारी, बुधवार
मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावून माझाच व्हिडिओ मला दाखवला. "पाटील, तुम्ही तर फेमस!" नेमके त्याच जागी हसले. सुमनच्या तेराव्याला हेच गृहस्थ जेवून गेले होते. मीही हसलो. नोकरी आहे.

१ फेब्रुवारी, रविवार
प्र. आला. हातात सुरमई, मागे बायको नीता. म्हणजे काम आहे.
श्रीवर्धनला पण डुएथलॉन आहे. त्यांनी व्हिडिओ बघितलाय. त्यांना आम्ही जोडीने हवेत. तो माइकवर, मी शेवटी. "तुझ्याशिवाय रंगत नाय, दादा."
मी सुरमई घेऊन आत ओट्याकडे गेलो. नीता पाणी घ्यायच्या निमित्ताने आत आली आणि खरं बोलली. मॅचला आता एक नवीन समालोचक बोलावतात, मधे मधे गाणी वाजवतो. ह्यांना कुणी विचारत नाही. श्रीवर्धनचं जमलं तर पुढचं काहीतरी सुरू राहील.
म्हणजे माझ्या फजितीवर याची चूल. बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
अट घातली. येतो, पण फिनिशला फक्त माझं पूर्ण नाव. आधी नाही, नंतर नाही.
"एवढंच?"
"एवढंच. म्हणून दाखव."
"सुधीर अनंत पाटील यांचं विमान थोड्याच येळात..."
"परत."
"सुधीर अनंत पाटील. सावकाश दादा, रस्ता कुठं पळून जात नाय."
"परत."
त्याला जमेना. नाव संपलं की तोंड आपोआप वाकडं होई. कपाळावर घाम आला. नीता आधी हसत होती, मग म्हणाली, दादा, ऱ्हाऊं द्या ना आता. मी राहू दिलं नाही. मला मजा येत होती. ओट्यावर सुरमईला माश्या लागल्या.
शेवटी एकदा म्हणाला. नुसतं नाव. भिंतीकडे बघून.

१५ फेब्रुवारी, रविवार, श्रीवर्धन
पुन्हा शेवटचाच. फिनिशला ही गर्दी. सगळ्यांचे मोबाईल तयार.
भोंग्यातून आलं, "सुधीर अनंत पाटील."
आणि पुढे काही नाही. लोक वाट बघत उभे. मीही. शोकसभेत नाव घेतात तसं वाटलं. चार टाळ्या पडल्या, त्याही विझल्या. कुणीतरी बाजूच्याला म्हणालं, "ह्यो त्यो न्हाय काय?" मोबाईल खाली आले. आयोजक प्र.च्या कानाशी लागला. प्र.ने नाही म्हणून मान हलवली, माइक टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे आला.
"झालं मनासारखं?"
"झालं," म्हटलं. झालंच होतं.
दिघीहून फेरीबोटीत बसलो. सबंध वेळ तो पलीकडच्या कठड्याला, माझ्याकडे पाठ करून उभा.

२ मार्च, सोमवार
श्रीवर्धनवाल्यांनी पुढच्या कार्यक्रमाला तो गाणीवाला ठरवला. दुपारी कळलं. संध्याकाळी एक भाकरी जास्त खाल्ली.

८ मार्च, रविवार
धावून आलो तर नीता ओटीवर बसलेली. एकटी.
प्र. घरात बोलत नाही. जेवायला हाक मारली की येतो, जेवतो, उठतो. थळला मॅचला गेला होता, जुन्या ओळखीने बोलावलं होतं. माइक हातात घेतला, दोन्ही संघांची नावं वाचली आणि खाली उतरला. लोकांना वाटलं, बरं नसेल.
म्हटलं, "डॉक्टरला दाखवलंस?"
नीता म्हणाली, "घसा बरा हाय, दादा. तुमी बोला ह्यांच्याशी. शिवी घाला, पन कायतरी बोला."
चहासुद्धा न घेता गेली.
मोबाईल घेऊन बसलो. लिहिलं, 'काय समालोचक, पावसाने खेळ थांबला का?' खोडलं. 'गाणी शिकतोयस असं ऐकलं.' खोडलं. 'प्रशांत' एवढं लिहिलं आणि त्यापुढे एक साधं वाक्य लावायला बसलो. घरी ये. जेवलास का. असलं काहीतरी. येईना. जो येतोय तो टोमणाच.
अंघोळ राहिलीय, अंगावरचा घाम वाळला. नाव तसंच आहे, पाठवलेलं नाही.